दीक्षेआधी, दीक्षेनंतर



१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. आमचा बाप दरेकसा स्टेशनावरून रेल्वेनं गेला होता. माय सांगे, परतल्यावरही धान तेच, विळा तोच, मजुरी तेवढीच. मग बदललं काय? घरातले देव नदीत गेले. जोहार जाऊन जयभीम आला. मेलेलं ढोर ओढायचं बोलावणं आलं, तर बाप 'नाही' म्हणाला. पुढं कित्येक दिवस कामावर कोणी बोलावलं नाही.

शाळेत मायनं माझ्या नावापुढं 'बौद्ध' लिहवलं. जुनी जात ठेवा, असं पुष्कळांनी सुचवलं. ती म्हणे, "देव नदीत टाकले, अन् जात कागदात ठेवू का?"

केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० मध्ये मिळाल्या. तोवर माझं नोकरीचं वय गेलं होतं. मायला मी ते कधी बोललो नाही.