फोन ‘नाहीं’ म्हणतो तेव्हां

इ. स. २००८ च्या ऑक्टोबर महिन्यांत अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन अमेरिकेंत विक्रीस आला. एच. टी. सी. ड्रीम हें त्याचें नांव. त्याचा पडदा बाजूस सरकविला कीं खालीं टंकलेखनयंत्रासारख्या बारीक कळा दिसत. पुढल्याच महिन्यांत या कळांसंबंधीं एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. फोनधारकानें त्यांवर जें जें उमटवावें तें पत्राच्या किंवा संभाषणाच्या चौकटींत तर जाईच. परंतु त्याच वेळीं पडद्याआड जागा राहिलेला एक आज्ञाग्राहक कार्यक्रमहि तें ऐकत असे, आणि या कार्यक्रमास फोनमधील सर्वोच्च अधिकार होता. कोणी मित्रास उत्तर देतांना नव्या ओळीवर ‘रीबूट’ एवढाच शब्द लिहिला, कीं फोन खरोखरच बंद होऊन पुन्हां सुरू होई! निर्मात्यांनीं ही चूक त्वरित दुरुस्त केली. पण तोंवर हौशी मंडळी त्याच वाटेनें आंत शिरली होती व सर्वोच्च अधिकार त्यांच्या हातीं आला होता.

या अधिकारास ‘रूट’ म्हणतात. रूट म्हणजे मूळ. हा शब्द अँड्रॉइडच्या फार पूर्वींचा. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची प्रणाली रचण्यास आरंभ केला. तींत फाईलींची मांडणी वृक्षासारखी असे, आणि सर्व फांद्या जेथून फुटत त्या मुळाचा जो धनी, ज्याचा क्रमांक शून्य, तो रूट. मराठींत त्याला मूळपुरुष म्हणावयास हरकत नाहीं. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें युनिक्सच्या धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला, व पुढें अँड्रॉइड त्याच गाभ्यावर उभें राहिलें. खिशांतल्या फोनचें राज्य चालतें तें अशा पन्नास वर्षांहून जुन्या कायद्यानें.

मूळ युनिक्समध्यें एका मोठ्या यंत्रावर अनेक माणसें काम करीत, आणि एकाच्या फाईली दुसऱ्यानें पाहूं नयेत म्हणून प्रत्येकास क्रमांक असे. फोन वापरणारा एकटाच. म्हणून अँड्रॉइडच्या रचनाकारांनीं तीच सोय वेगळ्या कामीं लाविली. फोनमधील प्रत्येक अ‍ॅप म्हणजे जणूं एक स्वतंत्र मनुष्य असें समजून त्याला निराळा क्रमांक दिला. हे क्रमांक १०,००० पासून पुढें चालतात. पुण्यांतल्या जुन्या वाड्यांत जशीं अनेक बिऱ्हाडें असत, चौक आणि विहीर सामायिक पण स्वयंपाकघर ज्याचें त्याचें, तशीच ही व्यवस्था. गंमत एवढीच कीं, वाडा विकत घेणाऱ्यालाहि येथें मालकाची किल्ली मिळत नाहीं. शून्य क्रमांकाची खोली कारखान्यांतून येतांनाच कुलूपबंद असते. हें कुलूप उघडण्याच्या खटपटीला ‘रूट करणें’ म्हणतात, आणि त्या खटपटीच्या पाठोपाठ ज्या अडचणी येतात त्यांचाच येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम परवानगीचे अंक समजून घेतले पाहिजेत. वाचण्याचा अधिकार ४, लिहिण्याचा २, चालविण्याचा १. यांची बेरीज म्हणजे एक अंक; आणि असे तीन अंक ओळीनें असतात, पहिला फाईलीच्या धन्याचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा इतर सर्वांचा. ६४४ म्हणजे धन्यानें वाचावें व लिहावें, बाकीच्यांनीं केवळ वाचावें. फोल्डरच्या बाबतींत मात्र १ या अंकाचा अर्थ पालटतो. तेथें तो उंबरठा ओलांडण्याची मुभा देतो. म्हणून फाईलीस ६४४ आणि फोल्डरास ७५५ ही नेहमींची जोडी. नवशिका मनुष्य फोल्डर व त्यांतील सर्व फाईली यांना एकाच आज्ञेनें ६४४ करून टाकतो, आणि मग आंतल्या फाईली निर्दोष असूनहि त्यांपर्यंत रूटवांचून कोणासच पोंचतां येत नाहीं. फाईली सुखरूप आहेत, दार मात्र भिंतींत बुजलें! त्याहूनहि वाईट खोड म्हणजे वैतागून सर्वत्र ७७७ देणें. त्यानें अडचण दूर झालीशी वाटते खरी, पण वाड्यांतील यच्चयावत् कुलुपें काढून विहिरींत टाकल्यासारखें तें होतें.

मराठी घरांना हे अंक सुमारें २०१० सालीं एका निराळ्याच कारणानें शिकावे लागले. अँड्रॉइडच्या दुसऱ्या आवृत्तीचे जे फोन तेव्हां आले, त्यांतील बहुतेकांत देवनागरीचा टंकच नसे. मराठी वर्तमानपत्र उघडावें तों पानभर रिकाम्या चौकटी! एक उपाय असा: फोन रूट करावयाचा आणि प्रणालीच्या टंकांच्या फोल्डरांत देवनागरीची फाईल नेऊन ठेवावयाची. कित्येकांनीं तें केलें. परंतु नवी फाईल ठेवणारा रूट, तिचा धनीहि रूट. तिच्यावर ६०० असे अंक राहून गेले तर ती रूटवांचून कोणासच वाचतां येत नसे. मग कधीं अक्षरें उमटत नसत, तर कधीं फोन सुरू होतांना निर्मात्याच्या बोधचिन्हापाशींच अडून बसे. एवढा उत्पात, आणि औषध काय, तर ६०० चे ६४४ करणें. (अक्षरें दिसूं लागल्यावरहि पहिली वेलांटी भलत्या जागीं पडे व जोडाक्षरें फुटत, तो दोष मात्र परवानगीचा नव्हता, अक्षरें जुळविण्याची कलाच त्या आवृत्त्यांना अवगत नव्हती. चौथ्या आवृत्तीच्या काळांत, २०११-१२ च्या सुमारास, ही उणीव भरून निघाली.)

आतां आजच्या अडचणींकडे वळूं. फोन नकार देतो तो नेहमीं एकाच शब्दांत देत नाहीं, आणि दुरुस्तीचें निम्में यश नकाराचे शब्द नीट वाचण्यांत असतें. ‘ऑपरेशन नॉट पर्मिटेड’ असें उत्तर आलें, तर बहुधा आज्ञा देणारा त्या फाईलीचा धनी नाहीं आणि रूटहि नाहीं. रूट मिळाल्याची त्याची समजूत असते, एवढेंच. अशा वेळीं ‘आय. डी.’ ही दोन अक्षरांची आज्ञा द्यावी. उत्तरांत शून्य क्रमांक यावयास हवा. २००० आला, तर संगणकाच्या तारेवाटे आलेला तो साधा पाहुणा आहे. त्यानें प्रथम ‘सू’ ही आज्ञा देऊन फोनच्या पडद्यावर येणारी संमतीची चौकट मान्य केली पाहिजे. ती चौकट कांहीं क्षणच टिकते, आणि तिच्याकडे लक्ष न गेल्यामुळें वाया गेलेल्या संध्याकाळी थोड्या नसतील.

‘रीड-ओन्ली फाईल सिस्टिम’ हा नकार अगदीं निराळा. येथें अंकांशीं कांहींहि संबंध नाहीं. प्रणालीचा सबंध विभागच केवळ वाचण्यासाठीं जोडलेला असतो. पूर्वीं तो विभाग लिहिण्याजोगा करून पुन्हां जोडतां येई. २०१९ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून अनेक फोनांत त्या विभागाची बांधणीच अशी झाली कीं, रूटनेंहि तेथें लिहूं म्हटलें तरी जागा निघत नाहीं. शिवाय सुरू होतांना फोन त्या विभागाची मोहर तपासून पाहतो. एक अक्षर जरी बदललें तरी मोहर जुळत नाहीं आणि फोन पुढें जाण्याचें नाकारतो. म्हणून जुन्या पुस्तकी उपायांनीं नव्या फोनवर डोकें फोडून घेण्यांत अर्थ नाहीं. २०१६ सालीं निघालेलें मॅजिस्क हें साधन या पेंचांतून वेगळ्या युक्तीनें सुटतें. मूळ पानाला हात न लावतां त्यावर पारदर्शक कागद ठेवून वर लिहावें, तसें तें करतें. वाचणाऱ्यास नवा मजकूर दिसतो, कागद उचलला कीं मूळ पान जसेंच्या तसें. मात्र त्यासाठीं फोन सुरू करणाऱ्या प्रतिमेची, म्हणजे बूट इमेजची, प्रत त्याच फोनच्या त्याच आवृत्तीची हवी. मागल्या महिन्याच्या आवृत्तीची प्रत चालविण्याच्या नादांत पुष्कळ फोन सुरू होण्याच्या फेऱ्यांतच अडकतात. मूळ प्रत संगणकावर जपून ठेवलेली असली, म्हणजे तीच परत घालून मार्ग निघतो. एखाद्या जोडकामामुळें फोन अडला असेल, तर फोन सुरक्षित अवस्थेंत सुरू करावा. मॅजिस्क आपलीं सर्व जोडकामें बाजूस ठेवतें.

तिसरा नकार, ‘पर्मिशन डिनाइड’, हा सर्वांत फसवा. सामान्य अ‍ॅपला तो आला तर अंक पाहावेत. पण क्रमांक शून्य असतांना, म्हणजे अंकांचें बंधन ज्याला नाहीं त्यालाच हा नकार मिळाला तर? येथें जुनी युनिक्सविद्या थिटी पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें २००० सालीं प्रसिद्ध केलेली एसई-लिनक्स नांवाची दुसरी चौकी अँड्रॉइडमध्यें २०१३ सालीं आली, आणि २०१४ च्या पांचव्या आवृत्तीपासून ती पूर्णपणें जागती झाली. ही चौकी धनी कोण हें विचारीत नाहीं. कोणत्या कामावर नेमलेला मनुष्य कोणत्या शिक्क्याच्या वस्तूला हात लावीत आहे, एवढेंच पाहते. प्रत्येक फाईलीवर असा शिक्का असतो. ‘एल्. एस्.’ या आज्ञेला मोठ्या लिपीचा ‘झेड’ जोडला म्हणजे तो दिसतो, आणि नाकारलेल्या प्रत्येक कृत्याची नोंद गाभ्याच्या रोजनिशींत ‘ए. व्ही. सी. डिनाइड’ या शब्दांनीं सांपडते. पुष्कळजण या चौकीलाच झोंप आणण्याची आज्ञा देतात. कारण शोधण्यापुरती, क्षणभर, ती ठीक. पण तशीच सोडून देणें म्हणजे चोराच्या हातीं जामदारखान्याची किल्ली. योग्य उपाय म्हणजे ‘रिस्टोरकॉन’ या आज्ञेनें फाईलीवर तिच्या जागेस साजेसा शिक्का पुन्हां उमटविणें.

या सर्व गोष्टी एकत्र येतात त्या जुन्या फोनवरून नव्या फोनवर एखाद्या अ‍ॅपचें सामान हलवितांना. हिशोबाची वही किंवा वर्षानुवर्षांच्या टिपणें ज्यांत आहेत असें अ‍ॅप असतें. रूटच्या बळावर त्याचा सगळा फोल्डर उचलून नव्या फोनमध्यें त्याच जागीं ठेवला जातो. अ‍ॅप उघडावें तों क्षणार्धांत मिटतें. पुन्हां उघडावें, पुन्हां मिटतें. मजकूर गेला असें समजून मनुष्य हताश होतो. वस्तुतः एक अक्षरहि हरवलेलें नसतें. जुन्या फोनमध्यें त्या अ‍ॅपचा क्रमांक १०,१३२ असेल, तर नव्यांत १०,२०७. शिवाय सामान वाहून नेणारा रूट असल्यामुळें कित्येकदां धनी म्हणून त्याचेंच नांव लागतें. स्वतःच्याच घरांत अ‍ॅप परकें ठरतें. म्हणून सामान ठेवण्यापूर्वीं नव्या फोनमध्यें तें अ‍ॅप एकदां उघडून त्याच्या फोल्डराचा धनी कोण हें लिहून घ्यावें, मग सामान ठेवावें, धन्याचें नांव पालटावें, शिक्का दुरुस्त करावा. कांहीं अ‍ॅपें आपला मजकूर फोनच्याच किल्लीनें गुप्त लिपींत ठेवतात. तीं मात्र या उपायानेंहि उघडत नाहींत. आणि सामायिक भांडाराच्या, म्हणजे छायाचित्रें व गाणीं असतात त्या, फोल्डरावर अंक बदलण्याची आज्ञा दिली तर कांहींच घडत नाहीं. तेथील अंक प्रणालीनें दाखवावयास मांडलेले असतात. त्यांच्यावर रागावूं नये.

मालकाला आपल्याच फोनवर हा अधिकार असावा कीं नसावा, हा वाद जुना आहे. २०१० सालीं अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें स्वामित्वहक्काच्या कायद्यांत फोनधारकांसाठीं अपवाद मान्य केला, तेव्हां पारडें मालकाकडे झुकलें. निर्मात्यांनीं सुधारणा पाठविणें बंद केलेल्या जुन्या फोनांना रूटमुळें वर्षानुवर्षें आयुष्य मिळालें आहे, हें नाकारतां येणार नाहीं. पण ज्या फोनवरून बँकेचा व्यवहार होतो, तो रूट करणें शहाणपणाचें नाहीं. बँकांचीं अनेक अ‍ॅपें अशा फोनवर चालण्यास नकार देतात, आणि तो नकार अगदींच अकारण म्हणतां येत नाहीं.

एका प्रसंगीं तर हा सल्ला घातकच ठरतो, आणि नेमक्या त्याच प्रसंगीं तो सर्वांत अधिक दिला जातो. घरांतील वडील माणूस गेलेला असतो. त्याचा फोन मागें राहतो, त्यांत नातवंडांचीं छायाचित्रें, आवाजाच्या नोंदी, आणि कुलुपाचा अंक कोणासच ठाऊक नसतो. कोणी जाणता म्हणतो, ‘रूट करा, सगळें निघेल.’ रूट करण्यासाठीं बूटलोडरचें कुलूप उघडावें लागतें, आणि तें उघडतांच फोनमधील सर्व खासगी मजकूर पुसला जातो. ही चूक नव्हे, मुद्दाम केलेली योजना आहे. चोरानें फोन पळवून आंतलें गुपित काढूं नये म्हणून. पुसला गेला नाहीं असें क्षणभर धरलें, तरी २०१९ सालच्या दहाव्या आवृत्तीसह निघालेल्या फोनांपासून आंतील मजकूर गुप्त लिपींत ठेवणें सक्तीचेंच आहे, आणि ती लिपि उलगडण्यास कुलुपाचाच अंक लागतो. शून्य क्रमांकालाहि तेथें केवळ अर्थहीन अक्षरांचा ढीग दिसेल. अशा घरांत बूटलोडरला कोणीहि हात लावूं नये. फोनमध्यें सुटें स्मृतिकार्ड असेल तर तें काढून संगणकांत पाहावें. पुष्कळदां छायाचित्रें त्यावरच असतात. फोनला वीज देऊन तो चालू ठेवावा, त्याचें सिमकार्ड बंद होऊं देऊं नये, आणि गेलेल्या माणसाच्या टिपणवहींत, पासबुकाच्या मागल्या पानावर, पंचांगाच्या कडेला कोठें चार किंवा सहा अंक लिहिलेले आहेत काय तें शोधावें. पुष्कळ फोन चुकीच्या प्रत्येक प्रयत्नानंतर अधिकाधिक वेळ थांबावयास लावतात. म्हणून सांपडलेले अंक कागदावर लिहून, संभवाच्या क्रमानें, दिवसाकांठीं थोडेथोडे वापरावेत.