उंदीर, आतडे आणि अचूक निदान
(वार्षिक सभेतील व्याख्यानाचा सारांश)



डहाणू-तलासरीच्या सभेत प्रयोगशाळेतील उंदरांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु दीर्घकाळचे जुलाब, शौचावाटे रक्त, पोटदुखी आणि घटते वजन या तक्रारी घेऊन एखाद्या पाड्यावरून येणाऱ्या रुग्णाशी त्या मुक्या जिवांचा निकटचा संबंध आहे.

आतड्याच्या जुनाट दाहाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स विकार पचनमार्गात कोठेही उद्भवतो. १९९३ साली जर्मनीतील संशोधकांनी इंटरल्यूकिन-१० हे दाहशामक प्रथिन तयार न करू शकणारे उंदीर निर्माण केले. त्यांच्या आतड्यांना जुनाट सूज आली. असेच उंदीर पुढे पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढविले असता ती सूज आली नाही. यावरून उमगले की, आतड्यातील नित्याच्या जंतूंशी प्रतिकारशक्तीचा समतोल ढळल्याने हा दाह होऊ शकतो. २००९ साली काही बालकांच्या तीव्र आंत्रदाहामागे याच प्रथिनाच्या ग्राहकातील जनुकदोष आढळला.

अर्थात, उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. हेच प्रथिन औषध म्हणून क्रोन्सच्या रुग्णांना दिले, तेव्हा अपेक्षित गुण आला नाही.

आपल्या भागासाठी दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. टीएनएफ या दाहकारक प्रथिनाचा ग्राहक नसलेले उंदीर क्षयरोगाला तोंड देऊ शकत नाहीत, हे १९९५ साली दिसून आले. टीएनएफला रोखणाऱ्या औषधास अमेरिकेत १९९८ साली क्रोन्ससाठी मान्यता मिळाली आणि २००१ साली ते घेणाऱ्या रुग्णांत क्षय उद्भवल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले.

आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून पाहताना पुष्कळदा सारखेच भासतात. क्षयाला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली, तर क्षय बळावतो. क्रोन्सला क्षय समजले, तर महिने वाया जातात आणि आतडे अरुंद होत जाते. म्हणून दुर्बीण तपासणी, आतड्याच्या तुकड्याची परीक्षा आणि क्षयाची चाचणी यांना पर्याय नाही.

आप्तेष्टांना विनंती, की रक्त पडले म्हणजे मूळव्याधच, असे गृहीत धरू नये. बरे वाटताच औषध सोडू नये. आणि देणगीदारांना सांगणे इतकेच, की गरिबाच्या तपासणीसाठी दिलेला रुपया चुकीचा उपचार टाळतो. तेही जीवदानच होय.