गुरूच्या पदरी काय पडते?



दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या गुरुग्रामविषयी लोकपरंपरा असे सांगते, की हे गाव द्रोणाचार्यांना त्यांच्या शिष्यांकडून गुरुदक्षिणेत मिळाले. याच परिसरातील खांडसा गावात एकलव्याचे मंदिर आहे, आणि त्याने आपला अंगठा येथेच कापून दिला, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. शिष्याने आनंदाने दिलेले गाव आणि गुरूने मागून घेतलेला अंगठा, अशा दोन्ही दक्षिणांची आठवण ही एकच भूमी बाळगून आहे. कोवळ्या वयाच्या खेळाडूंना शिकविणाऱ्याने या दोहोंतील अंतर कधीही विसरता कामा नये.

आपल्या देशात खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. त्यांना घडविणाऱ्यांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू व्हावयास १९८५ साल उजाडले. पहिल्या वर्षी तो कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि धावपटू पी. टी. उषा हिचे गुरू ओ. एम. नंबियार यांना मिळाला. मधल्या चोवीस वर्षांतही मुले घडतच होती. त्यांना घडविणारी माणसे सन्मानाची वाट पाहत थांबली नव्हती. त्या अर्थी त्यांना दुसरे काहीतरी मिळत होते. ते काय, हा आजचा प्रश्न आहे.

राजस्थानातील चिडावा गावचा विजयपाल नावाचा तरुण दिल्लीत आला आणि सब्जीमंडी भागात, बिर्ला मिलच्या आश्रयाने, १९२५ साली त्याने आखाडा सुरू केला. पुढे साऱ्या देशाने त्याला गुरू हनुमान या नावाने ओळखले. त्यांनी लग्न केले नाही; आखाडा हाच त्यांचा संसार होता. पहाटे अंधारात मुलांना उठवावे, जोर-बैठका काढून घ्याव्यात, लाल माती खणून भुसभुशीत करावी, लढती लावाव्यात, आणि मग दूध, तूप, बदाम यांच्या खुराकावर लक्ष ठेवावे, हा क्रम कित्येक दशके चालला. मातीत वाढलेली ही मुले पुढे गादीवरही लढू लागली. १९७२ सालच्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सुदेशकुमार आणि प्रेमनाथ हे दोघेही आपापल्या वजनगटात चौथे आले. दोघांचेही पदक एकेका पायरीने हुकले. परंतु दोनच वर्षांनी, १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, दोघांनीही सुवर्णपदके मिळविली.

याच आखाड्यातील सतपाल हे नाव महाराष्ट्रातील कुस्तीशौकिनांना परके नाही. बवाना गावच्या या मल्लाला १९७७ साली बेळगावच्या मैदानात हरिश्चंद्र बिराजदार यांनी चीत केले, ती कुस्ती जुनी मंडळी अजून सांगतात. त्याच सतपालने १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत शंभर किलो गटात सुवर्णपदक जिंकले. लोकांच्या स्मरणात ती पराजयाची कुस्ती राहिली आणि हे सुवर्णपदक राहिले. मधली पाच वर्षे कोणी पाहिली नाहीत. शिकविणाऱ्याची खरी कमाई त्या न पाहिलेल्या वर्षांत असते. काल न जमलेला डाव आज सहज जमतो आहे, एवढे पाहण्यासाठी तो पहाटे उठतो.

गुरू हनुमान यांना १९८३ साली पद्मश्री आणि १९८७ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. १९९९ साली मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. तोवर सतपाल स्वतः गुरू झाले होते. त्यांनी छत्रसाल स्टेडियममध्ये जो आखाडा उभा केला, तेथे चौदा वर्षांचा सुशीलकुमार आला आणि त्याने २००८ व २०१२ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक पदके मिळविली. योगेश्वर दत्त आणि रवी दहिया हे पदकविजेतेही येथीलच. परंतु २०२१ साली याच स्टेडियमच्या आवारातील मारहाणीनंतर एका तरुण मल्लाचा मृत्यू झाला, आणि त्या प्रकरणी सुशीलकुमार याला अटक होऊन खटला उभा राहिला. निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. तथापि ज्या मातीत मुले घडतात, तेथे असे घडावे, याचे दुःख पदकांच्या संख्येने भरून येत नाही. डाव शिकविता येतात. बळ कोठे वापरू नये, हे शिकविणे फार कठीण असते.

क्रिकेटमधील उदाहरण तारक सिन्हा यांचे. त्यांनी १९६९ साली दिल्लीत सॉनेट क्लब स्थापन केला. सुरिंदर खन्ना, मनोज प्रभाकर, रमण लांबा, आशीष नेहरा, शिखर धवन, अंजुम चोप्रा, ऋषभ पंत अशी कितीतरी नावे त्या क्लबशी जोडलेली आहेत. शिष्य त्यांना ‘उस्तादजी’ म्हणत. परीक्षेच्या दिवसांत सरावाला आलेल्या मुलाला ते परत पाठवीत, असे त्यांचे शिष्य सांगतात. प्रत्येक मुलगा भारताकडून खेळणार नाही, हे जाणणाऱ्या माणसाचा हा नियम होता. सिन्हाही अविवाहित होते आणि भाड्याच्या घरात राहत. नेहरा मोठा खेळाडू झाल्यावर त्याने गुरूला घर मिळवून दिले, ही हकीगत दिल्लीच्या क्रिकेटवर्तुळात सर्वांना ठाऊक आहे. न मागता मिळालेली दक्षिणा ती हीच. २०१८ साली पंत पहिला कसोटी सामना खेळला आणि त्याच वर्षी सिन्हांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाला त्या वेळी एकोणपन्नास वर्षे होत आली होती. २०२१ साली ते निवर्तले.

आता पुन्हा अंगठ्याकडे वळू. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवून वजन उतरविणे, दुखऱ्या सांध्यावर त्याला मैदानात उभे करणे, वयाचा खोटा दाखला काढून लहानांच्या गटात खेळविणे, हे सारे आजच्या पदकासाठी उद्याचा खेळाडू कापून घेणेच होय. असा शिक्षक मुलाला देत नाही, त्याच्याकडून घेतो. एकलव्यासारखेच ते मूलही विश्वासाने सारे देऊन टाकते, आणि म्हणूनच दोष संपूर्णपणे घेणाऱ्याचा असतो.

आखाड्यात आलेल्या बहुतेक मुलांची नावे कोठेही छापून येत नाहीत. कोणी रेल्वेत लागतो, कोणी पोलिसांत, कोणी शेतीकडे परततो. त्यांतील एखादा आपल्या गावी चार मुले जमवून त्यांना शिकवू लागतो. सतपाल हनुमानांकडून शिकले आणि त्यांनी पुढच्यांना शिकविले. सिन्हांचे शिष्य आज मैदानांवर मुलांना शिकवीत आहेत. ज्याचे शिष्य शिक्षक होतात, त्याचे काम त्याच्यानंतरही थांबत नाही. गाव, घर, पुरस्कार हे मिळाले तर उत्तमच. परंतु मूल धडधाकट शरीराने आणि सरळ मनाने आपल्या हातून पुढे गेले, त्याचा अंगठा शाबूत राहिला, हे शिकविणाऱ्याला स्वतःशी म्हणता आले, तर त्याच्या पदरी पुष्कळ पडले असे समजावे.