जानेवारीची खातेवही

(बुलढाणे जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



सावकाराच्या वहीत कर्जाची मिती कधी चुकत नसे. आपल्या घरी मात्र म्हातारीला जन्मसाल विचारले की ती म्हणे, "मोठ्या दुष्काळात झाले, बाबा." पुढे पोर शाळेत गेले, मास्तरांनी अंदाजाने १ जून मांडला, आणि गावोगाव कितीतरी माणसे एकाच दिवशी जन्मलेली ठरली! ज्याच्या हाती लेखणी, त्याच्या हाती तिथी. म्हणून आज आम्ही जानेवारीचे पान तुमच्यापुढे उघडतो.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला. आजही कुणाचे वाटोळे झाले की आपण 'पानिपत झाले' म्हणतो. बुडाल्याची तारीख तोंडी राहिली. ज्यांनी उभारले त्यांच्या तारखा मात्र पुसट झाल्या. त्या आता ऐका.

पहिली आपल्याच जिल्ह्याची. सिंदखेडराजास लखुजी जाधवांच्या पोटी जिजाऊ जन्मल्या. १२ जानेवारी १५९८ हा त्यांचा जन्मदिवस मानतात. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस निजामशाही दरबारात लखुजी आणि त्यांच्या घरचे पुरुष दगा करून मारले गेले. माहेरावर असा घाला पडला, आणि सातच महिन्यांत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले. पुण्यावर आदिलशाही सरदाराने गाढवांचा नांगर फिरवला होता. तेथेच ही माउली लेकरासह राहिली आणि उजाड मुलूख पुन्हा पेरता झाला. सोन्याच्या फाळाने नांगरल्याची कथा लोक सांगतात. फाळ सोन्याचा असो की लोखंडाचा, पडीक रान वहिवाटीस आणणे म्हणजे काय, हे कुणब्याला समजावून सांगायला नको.

दुसरी तारीख ३ जानेवारी १८३१. सातारा जिल्ह्यातील नायगावी माळ्याच्या घरी सावित्रीबाई जन्मल्या. १८४८ साली पुण्यात ज्योतिराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तेथे त्या शिकवू लागल्या. वाटेत लोक शेण-चिखल फेकीत. बाई शाळेत जाऊन दुसरे लुगडे नेसत आणि फळ्यापुढे उभ्या राहत. १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांनी देह ठेवला.

तिसरी आणि चौथी लेखणीच्या आहेत. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' काढला. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केला. त्यास शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. आपला जिल्हाही मागे राहिला नाही. चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी १९२७ साली ज्योतिरावांचे चरित्र लिहिले. ज्योतिराव जाऊन तेव्हा ३७ वर्षे लोटली होती! आपल्या माणसाची हकिगत आपण न लिहिली तर ती लिहायला कोण बसले आहे?

पाचवी २६ जानेवारी १९५०. त्या दिवशी राज्यघटना अमलात आली. पाटलाचे मत एक आणि महाराचेही एकच, असे ठरले.

ही झाली जमा. आता खर्चाची बाजू पाहा. १२ जानेवारीस आपण झेंडे लावून सिंदखेडास जातो. याच दिवसांत शेवटची कापूसवेचणी असते, तुरी काढायच्या असतात, आणि धाकटे मूल सांभाळायला थोरली मुलगी घरी ठेवली जाते. जिजाऊंच्या तसबिरीला हार आणि मुलीच्या नावापुढे गैरहजेरी, हा हिशेब जुळत नाही. चार दिवसांची मजुरी वाचते हे आम्हांस ठाऊक आहे. पण चाराचे चाळीस होतात, पोर मागे पडते, शाळा सुटते, आणि अठरा भरण्याआधीच मांडव पडतो.

तेव्हा दोनच कामे सांगतो. घरी मूल जन्मले की २१ दिवसांत नोंद करा, म्हणजे त्याला खरी तारीख मिळेल. आणि कापूस वेचायला माणूस कमी पडले तर शेजाऱ्याशी सावड करा, पण मुलीला शाळेत धाडा. तिचे दप्तर खुंटीला टांगू नका.