हातचा एक
(नभोवाणीवरील भाषण)



आमच्या घरी भिंतीवर लंबकाचं जुनं घड्याळ आहे, रोमन आकड्यांचं. लहानपणी त्यातल्या चारावरून मी वडिलांशी वाद घातला होता. शाळेत चार म्हणजे 'व्ही'च्या आधी 'आय' असं शिकवलेलं, आणि घड्याळात तर सरळ चार उभ्या रेघा! वडील म्हणाले, "चालतं दोन्ही." त्यांचं बरोबर होतं. रोमच्या कलोसियमच्या दरवाजांवर कोरलेले २३ ते ५४ हे क्रमांक आजही दिसतात आणि त्यातल्या ५४ मधला चार आमच्या घड्याळासारखाच आहे, चार रेघांचा.

समजा, जग या आकड्यांपुढे गेलंच नसतं तर?

एक साल वाचून दाखवतो. मुंबईत जोतीराव फुल्यांना 'महात्मा' ही पदवी दिली गेली ते साल, १८८८. रोमन पद्धतीनं ते असं : एम, डी, सी, सी, सी, एल, एक्स, एक्स, एक्स, व्ही, आय, आय, आय. तेरा अक्षरं! आजवरच्या सगळ्या सालांत हेच सर्वांत लांब. आणि त्यानंतर बाराच वर्षांनी येणारं १९०० लिहायला लागतात तीन अक्षरं. म्हणजे आकडा लांब दिसला तर तो मोठा असेलच असं नाही. कोणता मोठा, कोणता लहान, हे डोळ्यांना कळतच नाही.

अशा आकड्यांचा गुणाकार कसा करायचा? रोमन लोक तो आकड्यांनी करतच नसत. ते मोजणीच्या पटावर खडे सरकवत. लॅटिनमध्ये खड्याला 'कॅल्क्युलस' म्हणतात. आपल्या कॅल्क्युलेटरचं मूळ तेच. हिशेब खड्यांनी व्हायचा आणि आकडे यायचे ते फक्त उत्तर लिहून ठेवायला.

म्हणून त्या काल्पनिक जगात पूल नसते, वाडे नसते, व्यापार नसता, असं मी म्हणणार नाही. कलोसियम तर त्याच आकड्यांच्या काळात उभं राहिलं. फरक पडला असता तो वेगळ्याच ठिकाणी. कल्पना करा, तुम्ही वाण्याकडे गेलात. त्यानं पटावर खटाखट खडे सरकवले, उत्तर लिहिलं आणि हातानं खडे गोळा केले. मधलं गणित कुठे गेलं? खड्यांबरोबर डब्यात! तुम्ही तपासणार काय? पाटीवर किंवा कागदावर आपण बेरीज मांडतो तेव्हा प्रत्येक पायरी मागे उरते. 'आठ नि पाच तेरा, तीन लिहिले, हातचा एक.' तो हातचा चुकला तर दुसऱ्याला दाखवता येतो.

ही किमया एकट्या शून्याची नाही, ती स्थानाची आहे. एकं, दहं, शतं. जागा बदलली की तोच अंक दसपट होतो आणि रिकामी जागा शून्य धरून ठेवतं. याचं रोजचं उदाहरण म्हणजे पिनकोड. संस्कृतमध्ये काव्य-नाटकं लिहिणाऱ्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ही योजना आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पुण्याच्या सदाशिव पेठेचा पिन ४११०३०. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. रोमन पद्धतीत हाच आकडा म्हणजे सी, डी, एक्स, आय, त्यांच्या डोक्यावर हजारपटीची आडवी रेघ, आणि पुढे तीन एक्स. यात विभाग कुठला नि पोस्ट ऑफिस कुठलं, पोस्टमननं शोधायचं कसं?

पण ही स्थानाची युक्ती भारताची म्हणून आपण फार ताठ मानेनं बोलू नये. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळची लेणी आहे. तिथल्या शिलालेखात यज्ञांत दान दिलेल्या गायी आणि कार्षापण नाणी यांचे आकडे कोरले आहेत. तिथेही शंभराची खूण वेगळी, हजाराची वेगळी. शून्य नाही, स्थानाची किंमत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपणही रोमन लोकांच्याच पायरीवर उभे होतो. पुढची पायरी नंतर चढलो. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहिले. नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीनं भारतीय गणनेवर ग्रंथ लिहिला. पिसाचा लिओनार्दो, म्हणजेच फिबोनाची, हे अंक उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात शिकला आणि १२०२ साली त्यानं ते आपल्या ग्रंथात मांडले.

युरोपनं ते लगेच स्वीकारले का? छे! १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानं हिशेबाच्या वहीत हे अंक लिहायला बंदी केली. रक्कम अक्षरांत लिहा, असा नियम. शून्याला शेपूट जोडलं की सहा किंवा नऊ होतो, ही भीती त्यामागे होती असं सांगतात. हसू नका. तुमच्या चेकवर आजही रक्कम अक्षरांत लिहायची ओळ असते. ती भीती आपणही जपून ठेवली आहे.

तरी शेवटी नवे अंकच जिंकले, कारण त्यांनी हिशेब पटावरच्या जाणकाराच्या हातून काढून चौथीतल्या मुलाच्या पाटीवर आणला. रोमन आकड्यांच्या जगात उत्तर मिळालं असतं. 'कसं आलं ते दाखव' असं विचारता आलं नसतं.

तेव्हा आज दुकानातून बिल हातात येईल तेव्हा ते तसंच खिशात टाकू नका. मोबाइल बाजूला ठेवा आणि एकदा स्वतः बेरीज करून पाहा. आणि हो, हातचा विसरू नका.