वारसा गावाचा, बळ संस्थेचे

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. कायद्याचे संरक्षण असूनही ती अंडी चोरीस जात. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ती कुंपणाआड सुरक्षित ठेवून पिल्ले समुद्रात सोडण्याचे कार्य आरंभिले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पर्यटक ग्रामस्थांच्याच घरी उतरू लागले. अंडी विकण्यापेक्षा राखण्यात हित आहे, हे गावाला उमगले. पुढे संस्थेने ही धुरा ग्रामस्थ व वनखात्याकडे सोपविली. वारसा जपणाऱ्या संस्थेची खरी कसोटी हीच! निधी आटतो, कार्यकर्ते थकतात. गाव मात्र तेथेच असते. म्हणून राखणदार गावातच घडला पाहिजे.