वेठ आणि श्रमदान
(झरी येथील युवकांपुढे केलेले भाषण)



२३ मे १९४५ रोजी याच झरीत किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले आणि जमीनदाराची वेठ यापुढे करणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. फुटबॉलविषयी बोलताना ही आठवण मी मुद्दाम काढतो.

पूर्व बर्लिनमधील युनियन हा क्लब २००८ साली जर्मनीच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. प्रेक्षागार जीर्ण झालेले, तिजोरीत पैसा नाही. तेव्हा दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी सुमारे १,४०,००० तास विनामोबदला खपून ते नव्याने उभारले. आज परगावचा फुटबॉलवेडा तेथे गेला, तर बहुसंख्य प्रेक्षक उभ्यानेच सामना पाहताना त्याला दिसतात. त्यांच्या पायांखालच्या पायऱ्या त्यांच्यातल्याच अनेकांनी रचल्या आहेत.

मोबदला वेठीत नव्हता, तसा तेथेही नव्हता. मग फरक कोणता? वेठीचे फळ मालकाच्या कोठारात गेले. या श्रमाचे फळ श्रमणाऱ्यांपाशी राहिले, कारण तो क्लब सभासदांचा आहे.

म्हणून गावात मैदानासाठी श्रमदानाची हाक येईल, तेव्हा कुदळ जरूर उचला. परंतु ते मैदान कोणाच्या मालकीचे राहणार, हे आधी विचारा.